आडव्या काड्यांचं ताट

ओशिहामा बंदर,
९ मार्च १९८६

तेत्सुरो,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याचं लिहायचं असतं म्हणतात. हवा आहे, पाणीही आहे. झालं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बंदरावर वाकामे उकळत होते. समुद्रातला तो पाला मार्चात निघतो आणि तेव्हा इथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते, हे टोकियोत राहून विसरला नसशील अशी आशा आहे. माझे हात मिठाचे, म्हणून ओहारूला म्हटलं तूच वाच. तिने सगळ्या बायकांच्या मधोमध उभं राहून, गावच्या भोंग्याला लाजवील अशा आवाजात वाचलं. तेव्हा आता सगळ्या बंदराला माहीत आहे की तुझ्या नव्या खोलीत फोन नाही आणि यापुढे तू पत्रं लिहिणार आहेस.

गाव सोडलंस तेव्हापासून दर रविवारी सकाळी ओहारूच्या तंबाखूच्या दुकानात तुझा फोन यायचा. मी जायचे, तू काहीबाही बोलायचास, मी ओरडायचे, ओहारू ऐकायची. चांगलं चाललं होतं. आता मला या वयात लिहायला लावतोस. मी शाळेत गेले दोन वर्षं, त्यातलं एक धाकट्या बहिणीला पाठीशी बांधून. तू साध्या अक्षरांत लिहिलंस, चिनी अक्षरं घातली नाहीस, एवढी तरी अक्कल दाखवलीस.

तुम्ही चौघांनी मिळून जो बँड काढला होता त्याचं नाव मला कधी उच्चारता आलं नाही, त्यामुळे तो मोडल्याचं दुःख करायचं तर कुणाच्या नावाने, ते कळत नाही. पण ओहारूचा मुलगा म्हणतो की मोडला नाही, रेकॉर्ड कंपनीवाल्याने तुझा एकट्याचाच गळा मागितला आणि तू तो घेऊन निघालास. माशाचं डोकं नको, शेपूट नको, मधला तेवढा तुकडा द्या म्हणणारं गिऱ्हाईक असतं तसं. मधल्या तुकड्याला भाव चांगला येतो. नासतोही तोच आधी.

तुझी एकट्याची पहिली रेकॉर्ड त्याच मुलाने वाजवून दाखवली. वरच्या सुराला तू असा काही चढतोस की ओहारूचं मांजर कपाटाखाली गेलं. लोकांना तेवढंच आवडतं म्हणे. असेल. मुखपृष्ठावरचा तुझा फोटो मात्र समुद्रात पडून वर काढलेल्या कोंबड्यासारखा आला आहे.

तुझं ताट रोज मांडते. भात, मिसोचं सार, असेल तो मासा. काल साराच्या वाटीचं झाकण उचललं तर आतून थेंब होते. झाकणाला थेंब म्हणजे दूर गेलेला माणूस सुखरूप, असं इथल्या बायका म्हणतात. सुखरूप आहेस तर फोन करायला काय होतं?

तोमे

•

कोएन्जी, टोकियो,
२ एप्रिल १९८६

आजी,

ओहारूकाकूंना सांग की माझी पत्रं बंदरावर वाचू नका. गावात मान राहिली नाही माझी. कोंबड्याबद्दल म्हणशील तर तो फोटो काढणारा इथला फार नावाजलेला माणूस आहे.

इथे सगळं ठीक आहे. नागोया झालं, ओसाका झालं. गर्दी चांगली होती. चौघांच्या वेळेइतकी नाही, पण चांगली. काही जण अजून हिसाओचं नाव घेऊन ओरडतात. एका ठिकाणी एक जण पहिल्या रांगेत येऊन सबंध वेळ पाठ करून उभा राहिला. तिकीट काढून, आजी. त्याच्या जॅकेटच्या पाठीवर आमच्या जुन्या बँडचं नाव होतं, म्हणजे मी दीड तास तेच वाचत गायलो.

हिसाओ गिटार घेऊन माझ्या डाव्या हाताला असायचा. शाळेच्या जिममध्ये पहिल्यांदा उभे राहिलो तेव्हापासून. मी अजून ओळ संपली की डावीकडे बघतो. तिथे आता कंपनीने लावून दिलेला वादक आहे. एक सूर चुकत नाही त्याचा. फक्त मी बघितलं की तो दचकतो.

दुसऱ्या रेकॉर्डचं काम चालू आहे. वीस जुलैला इथल्या एका मोठ्या सभागृहात माझा एकट्याचा कार्यक्रम ठरला आहे. तोवर आवाज जपायला सांगितलंय, म्हणून फोनचं राहून जातं. तू काळजी करू नकोस. वाकामेच्या कढईपाशी वाकून उभी राहू नकोस, कंबर धरते तुझी.

तेत्सुरो

•

ओशिहामा,
११ मे

तेत्सुरो,

माझ्या कंबरेचं माझं मी बघते.

परवा दुपारच्या बसने एक सेंदाई शहरातली मुलगी उतरली. केस तांबडेलाल, पायात सैनिकाचे असतात तसले बूट. विचारत विचारत घराशी आली. मी मागे कपडे वाळत घालत होते, पुढे हुंदक्याचा आवाज आला. जाऊन बघते तर ओट्यावर बूट काढून, गुडघे टेकून, माझ्या घरात बघत रडते आहे. आत तुझा फोटो, फोटोपुढे तुझं ताट.

मी म्हटलं, "कोण गं तू? आणि रडायचंच असेल तर तुझ्या घरी काय जागा नाही?"

ती म्हणे, "आजी, आम्हाला कुणीच कळवलं नाही."

"काय कळवलं नाही?"

तिने ताटाकडे बोट केलं आणि पुन्हा गळा काढला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिचा हात धरून आत नेलं, ताटापुढे बसवलं आणि म्हटलं, "हे बघ. मेलेल्याला वाढलेल्या भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचतात. या कशा आहेत?"

"आडव्या."

"आडव्या म्हणजे माणूस जिवंत आहे आणि जेवायला यायचा आहे. सेंदाईत एवढंसुद्धा शिकवत नाहीत का?"

तिच्या घरी असली रीतच नाही म्हणे. वडील बँकेत आहेत. बँकेतला माणूस संध्याकाळी घरी येतो, त्याचं ताट कशाला कोण मांडेल. आमच्याकडे ट्यूनाच्या बोटीवर गेलेला माणूस वर्षावर्षाने तोंड दाखवतो.

रडणं थांबल्यावर ते ताट तिलाच खायला घातलं. एरवी संध्याकाळी मीच खाते. खाता खाता ती बोलली. फेब्रुवारीपासून तुझे सगळे कार्यक्रम रद्द झालेत. नागोया झालं नाही, ओसाका झालं नाही. तीन महिन्यांत तुला कुणी गाताना सोड, बोलतानाही ऐकलेलं नाही. तुझी चाहती मंडळी म्हणतात, मेला आणि कंपनी लपवते आहे.

आणि मला तू लिहितोस, पाठ करून उभा राहिलेला माणूस. तो खरा आहे ना? असला माणूस उगाच कुणाला सुचत नाही. जानेवारीतला असेल, तू एप्रिलात खपवलास. खोटं बोलायचं तर थोडक्यात बोलावं. तुझे आजोबा बंदरावरच्या दारूच्या गुत्त्यातून यायचे आणि "वारा होता" एवढंच म्हणायचे. त्यात चूक काढायला जागा नसायची.

फोन करणारा माणूस पत्र लिहायला लागतो तेव्हा त्याला एक तर तुरुंगात टाकलेलं असतं, नाही तर त्याला बोलता येत नसतं. तुरुंगात जाण्याएवढी हिंमत तुझ्यात नाही. गळा गेला का? दोन ओळींत कळव. तिसरी नको.

तोमे

•

कोएन्जी,
२० मे

आजी,

हो, गळा गेला.

तिसरी ओळ नको म्हणालीस, पण आता लिहितो.

तो पाठ करून उभा राहिलेला माणूस खरा आहे. जानेवारीतलाच. त्याच रात्री शेवटच्या गाण्यात मी वरचा सूर लावला आणि सूर आलाच नाही, नुसती हवा आली. तोंड उघडं आणि आवाज नाही. लोकांना वाटलं मी मुद्दाम करतोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. वळला नाही तो एकटा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आत आरसा घालून बघितलं. आवाजाच्या पडद्यावर गाठ आली आहे म्हणाले. आधी मौन धरायला लावलं, त्याने जमलं नाही. एप्रिलच्या मध्यावर कापून काढली. आता पुन्हा मौन, जूनच्या अखेरपर्यंत. कुजबुजायचंही नाही. खोकलासुद्धा दाबून.

माझ्याकडे एक पाटी आहे, लहान मुलांची. तिच्यावर लिहून दाखवतो. मी मुका झालो तर लोक मला बहिरा समजतात. कोपऱ्यावरचा टोफूवाला माझ्या कानाशी येऊन ओरडतो, "मऊ की घट्ट?" अंघोळीच्या हमामातली म्हातारी बाई सगळ्यांना सांगते की हा बिचारा जन्मापासून असा आहे. तिच्या मागे भिंतीवर माझंच पोस्टर आहे, जुनं, चौघांचं.

कंपनीचे कुसेसान दर सोमवारी येतात. मी पाटीवर लिहितो. गंमत म्हणजे तेही माझ्या हातातून खडू घेऊन पाटीवरच उत्तर लिहितात, त्यांना बोलता येत असून. मागच्या सोमवारी त्यांनी लिहिलं, "वीस जुलै झाला नाही तर पुढे काही नाही." मग नीट पुसून पाटी परत दिली.

तुला का सांगितलं नाही विचारशील. त्या दिवशी कंपनीच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो. कुसेसान म्हणाले, आम्हाला फक्त आवाज हवाय. मी तिघांकडे बघितलंही नाही, आजी. हो म्हणालो. हिसाओने गिटार पेटीत ठेवली आणि पेटी बंद केली. तो आवाज अजून आठवतो. तिघांना टाकून गळा घेऊन निघालो, आणि आता गळाच नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू? खरंच, कुठल्या?

डॉक्टर म्हणतात आवाज परत येईल. कुठला येईल ते सांगत नाहीत.

तेत्सुरो

•

ओशिहामा,
१ जून

तेत्सुरो,

पत्र ओहारूला दाखवलं नाही. स्वतः वाचलं, दोन संध्याकाळी लागल्या. तिला सांगितलं की तुला गालगुंड झालंय. आता ती रोज विचारते, उतरलं का. तेवढं लक्षात ठेव.

हिसाओचं तू जे केलंस ते केलंस. ते मला सांगून काय उपयोग, मी काही हिसाओ नाही.

आता एक सांगते, पुन्हा सांगणार नाही. तुझ्या ताटाच्या झाकणाला रोज थेंब येतात. फेब्रुवारीत आले, तुझा गळा कापला त्या दिवशीही आलेले असणार. तेव्हा थेंबांचं काय ते ओळखून घे. सार गरम असलं की झाकणाला थेंब येणारच. इथल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे, म्हणून तर प्रत्येक बाई सार उकळतं वाढते. कोमट सार ताटात ठेवणारी एकही बाई मी या बंदरात बघितलेली नाही.

तुझ्या आजोबांचं ताट मी असंच मांडत होते. ते ट्यूनाच्या बोटीवरून गेले तेव्हा तुझी आई शाळेत होती. बोट सापडली नाही, फळकुट सापडलं नाही. देवळातून भिक्षू आले, म्हणाले, आता काड्या उभ्या करा. दुसऱ्या बायकांनी केल्या. मी म्हटलं, बघते. बघते बघते म्हणत किती वर्षं गेली याचा हिशेब मी ठेवला नाही. तुझी आई मोठी झाली, तुला जन्म दिला, छातीच्या दुखण्याने गेली, तू माझ्या हातात आलास. ताट चालूच. झाकणाला थेंब रोज. म्हणजे त्या हिशेबाने ते ठणठणीत आहेत.

मग तू अठराव्या वर्षी गिटारवाल्या मित्राबरोबर टोकियोला निघालास. लाखेचं ताट घरात एकच. त्या सकाळी मी सार वाढलं आणि फोटो बदलला. भिक्षूंना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या आजोबांच्या भातात काड्या मी कधी उभ्या केल्या नाहीत. नुसतं त्यांचं ताट तुला दिलं.

हे तुला एवढ्यासाठी सांगितलं की माझ्याकडून धीराचे शब्द मागू नकोस. माझ्याकडे गरम सार आहे, तेवढंच आहे.

जूनअखेर डॉक्टर तोंड उघडू देतील तेव्हा पहिला फोन मला कर. रविवारी, ओहारूकडे, नेहमीच्या वेळी. कंपनीवाल्याच्या आधी. आवाज कसा आहे ते मी सांगेन. मला गाण्यातलं कळत नाही, तेव्हा खरं सांगेन.

तोमे

•

कोएन्जी,
३० जून

आजी,

काल फोन केला. तुझ्या सांगण्याप्रमाणे पहिला तुलाच.

मी मुद्दाम नाव सांगितलं नाही. म्हटलं, आजीने ओळखलं तर आवाज माझा आहे. ओहारूकाकूंनी उचलला, तुला बोलावलं. तुझा श्वास ऐकू आला, तू चढ चढून आली होतीस. मी म्हणालो, "मी आहे. सगळं जसंच्या तसं ना?" एवढंच. बंदरावर सगळे म्हणतात तसं.

मागून काकू विचारत होत्या, "कोण गं?" मग तू म्हणालीस, "नंबर चुकलाय." आणि ठेवलास.

मी पुन्हा लावला नाही.

तुझा राग नाही. तू म्हणाली होतीस खरं सांगेन, आणि सांगितलंस. आवाज खाली गेलाय, आजी. खूप खाली. तळाला वाळू आहे त्याच्या. वरचा तो सूर, ज्याच्यासाठी त्यांनी मला घेतलं, तो आता नाहीच, त्या बाजूला दारच नाही. मी खोलीत माझीच गाणी म्हणून बघितली. कुणी परका माणूस माझ्या खोलीत शिरून माझी गाणी म्हणतोय असं वाटलं. आणि ज्या बाईने मला वाढवलं तिला तो परकाच वाटला.

आज सोमवार. कुसेसान आले. मी पाटीवर लिहिलं, "वीस जुलै होणार नाही." त्यांनी खाली "शुक्रवारपर्यंत विचार करा" असं लिहिलं आणि गेले.

विचार झालाय. मी घरी येतो. ओहारूकाकूंच्या मुलाला विचार, शरदातल्या मासेमारीला बोटीवर माणूस हवा असेल तर.

तेत्सुरो

•

ओशिहामा,
२ जुलै. पत्र आज मिळालं, आजच टाकते आहे.

तेत्सुरो,

गाढवा, बस आणि वाच.

बोटीवर तुला कोण घेणार? शाळेच्या सहलीला तुला बंदरातच ओकारी झाली होती, बोट अजून दोराने बांधलेली होती. ते डोक्यातून काढ.

आता फोनचं. मी तुला ओळखलं नाही हे खरं आहे. पण तू समजतोस तसं नाही.

त्या काळी मासेमारांच्या संघाच्या माडीवर वायरलेसची खोली होती. दूरच्या बोटींशी महिन्यातून एकदा बोलता यायचं. आम्ही बायका जिन्यावर रांग लावून उभ्या. एकीचं बोलणं सगळ्यांना ऐकू यायचं, आणि तिकडे बोटीवरही सगळे ऐकायचे, म्हणून कुणी काही बोलायचंच नाही. तुझे आजोबा दर वेळी एकच म्हणायचे. "मी आहे. सगळं जसंच्या तसं ना?" मी म्हणायचे, "जसंच्या तसं." एकदा वादळात अर्धं छप्पर उडालं होतं, तेव्हाही मी जसंच्या तसंच म्हटलं. की पुढची बाई. शेवटच्या वेळीही एवढंच झालं. शेवटचं आहे हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांचा आवाज तू ऐकलेला नाहीस, तू जन्मायच्या आधी ते गेले. कुठे साठवलेलाही नाही. दगडी जात्यातून काहीतरी भरड दळलं जावं तसा होता, आणि त्या पेटीतून आला की आणखी भरड.

रविवारी मी धापा टाकत फोन कानाला लावला. आतून खरखर आली, आणि तोच आवाज, तेच शब्द.

मी भित्री बाई नाही. पण एकतीस वर्षांनी माणूस विचारतो, सगळं जसंच्या तसं ना, तर त्याला काय सांगू? पोरगी गेली म्हणून सांगू? तुमचं ताट मी उचलून दुसऱ्याला दिलं म्हणून सांगू? ओहारू शेजारी उभी. माझ्या तोंडून निघालं, नंबर चुकलाय. फोन हाताने ठेवला, मी नाही ठेवला. घरी येऊन पायरीवर बसले. ते ताटाचं कळलं म्हणून आले, असं दुपारपर्यंत वाटत होतं मला. दुपारी मासेवाला आला तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं आणि लक्षात आलं की जूनची अखेर आहे.

तेव्हा ऐक. तुझा आवाज परका नाही. तो या घरातला आहे, तुझ्याआधीपासून. तू इतकी वर्षं वर चढून ओरडत होतास म्हणून खाली काय आहे ते दिसलं नाही. डॉक्टरने नवीन काही घातलेलं नाही, झाकण काढलंय.

आता वाटेल ते अर्थ काढू नकोस. तुझ्या आजोबांना गाता येत नव्हतं. लग्नाकार्यात ते गायला उठले की लोक चपला शोधायचे. त्या आवाजात गाणं कसं बसवायचं ते तुझं तू बघ, ते मला सांगता येणार नाही. मी एवढंच सांगते की त्या आवाजाने हाक मारली तर माणूस जागच्या जागी थांबतो. मी थांबले. मी सहसा थांबत नाही.

शुक्रवारच्या आत पत्र पोचावं म्हणून ओहारूचा मुलगा सायकलवरून मोठ्या पोस्टात टाकायला निघालाय, बाहेर घंटी वाजवतोय. ओहारूला मी काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं गालगुंड बळावलं.

तोमे

•

कोएन्जी,
२२ जुलै

आजी,

परवा गायलो.

पत्र शुक्रवारी सकाळी आलं. कुसेसान दुपारी आले तेव्हा मी पाटी न घेता बोललो. त्यांनी पहिल्यांदा माझा नवा आवाज ऐकला आणि चहा सांडला. म्हणाले, हे विकता येणार नाही. मी म्हणालो, मग विकू नका, पण वीस तारीख होऊ द्या. पंधरा दिवस सगळी गाणी खाली उतरवत बसलो. काही उतरली नाहीत, ती टाकून दिली. ज्या गाण्यासाठी लोक येतात तेच टाकलं.

सभागृह अर्धंच भरलं होतं. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला काही जण उठले. मला वरून दिसत होतं, रांगेतून गुडघे चुकवत जात होते. "हा तो नव्हेच," असं एक जण मोठ्याने म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. पण उठायचे ते सगळे तिसऱ्या गाण्याच्या आत उठून गेले. त्यानंतर कुणी हललं नाही. टाळ्यासुद्धा उशिरा आल्या, आधी थोडा वेळ काहीच नाही आणि मग. असं मला पूर्वी कधी झालं नव्हतं. पूर्वी मी सूर सोडायच्या आधीच लोक ओरडायचे.

तुझी लाल केसांची मुलगी पहिल्या रांगेत होती. रंगमंचाच्या कडेवर तिने जेवायच्या दोन काड्या ठेवल्या, आडव्या. शेजारचे तिच्याकडे बघत राहिले.

हिसाओ आला होता. मागे दारापाशी उभा होता, बसला नाही. शेवटपर्यंत थांबला आणि न भेटता गेला. मी त्याला पत्र लिहिलंय. तू म्हणालीस ते खरं, ते तुला सांगून उपयोग नव्हता. उत्तर येईल न येईल.

आणि मी डावीकडे बघितलं नाही, आजी. एकदाही नाही.

सगळं झाल्यावर कुसेसान मागच्या खोलीत आले. मला बोलता येतं, त्यांनाही येतं, तरी त्यांनी कोपऱ्यातली पाटी उचलली आणि लिहिलं, "सप्टेंबर. लहान सभागृह." आणि या वेळी पुसलं नाही.

पितरांच्या दिवसांत, ओबोनला, घरी येतो. त्याआधी या रविवारी फोन करतो. या वेळी उचलल्या उचलल्या नाव सांगेन, म्हणजे तुला त्रास नको.

तेत्सुरो

•

ओशिहामा,
२५ जुलै

तेत्सुरो,

सप्टेंबर म्हणजे ठीक आहे. लहान सभागृह म्हणजे आणखी ठीक, मागे उभ्या माणसाला बसायला जागा शोधावी लागणार नाही.

गालगुंड उतरलं असं ओहारूला सांगून टाकलंय.

ओबोनला ये. तू समोर बसून जेवशील ते दिवस लाखेचं ताट रिकामं राहील. ते मी तुझ्या आजोबांपुढे मांडेन. काड्या कशा ठेवायच्या ते अजून ठरवलेलं नाही. भिक्षूंना विचारणार नाही.

रविवारी फोन कर. मी ओहारूला मीठ आणायला बाहेर धाडणार आहे, तिच्याच दुकानातून. पायऱ्या आधीच चढून बसेन, म्हणजे धाप लागायची नाही.

उचलल्यावर नाव लगेच सांगू नकोस. आधी तेच म्हण, जसं म्हणाला होतास तसंच. मग गप्प राहा. मौनाची तुला सवय झाली आहे. मी जे बोलेन ते मध्ये न तोडता ऐकून घे. ते तुझ्यासाठी नसेल. या वेळी मी "जसंच्या तसं" म्हणणार नाही.

माझं सांगून झालं की मी थांबेन. मग तुझं नाव सांग.

तोमे